बिल साडेएकोणतीस हजारांचं, हातात पंधरा हजार आठशे

मूळचे बीड जिल्ह्यातले, सध्या चाकणजवळ खोली करून राहणारे सत्तावीस वर्षांचे एक वाचक लिहितात:

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तीन वर्षं झाली, मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. पगार कॉन्ट्रॅक्टरकडून. कागदावर १८,०००, हातात १५,८६५. गेल्या महिन्यात अकाउंट्सच्या टेबलावर कॉन्ट्रॅक्टरचं बिल उघडं पडलं होतं. यादीत माझ्या नावापुढे शेवटच्या रकान्यात साडेएकोणतीस हजार होते. म्हणजे माझे महिन्याला साडेतेरा हजार मधला माणूस खातो, तीन वर्षांचे जवळजवळ पाच लाख. मी फोटो काढून ठेवलाय. वडिलांचं आयुष्य उसाच्या फडात मुकादमाची उचल फेडण्यात गेलं, आणि शिकूनसवरून मीही मुकादमाच्याच हाताखाली. कॉन्ट्रॅक्टरला जाब विचारू, की थेट एचआरला सांगू की मला २४,००० वर तुमच्या पेरोलवर घ्या, तुमचे साडेपाच हजार वाचतील? आणखी एक. बी.कॉम. झालेल्या धाकट्या बहिणीकडे पुण्यातल्या एका प्लेसमेंट ऑफिसने रजिस्ट्रेशनचे २,५०० मागितलेत. भरावेत का?

——

तुमचं पत्र वाचताना मला माझं जुनं टेबल आठवलं. हे सदर लिहायला लागण्याआधी बारा वर्षं मी पुण्यातल्या एका माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत बिलं बनवायचे. तुम्ही पाहिलात तसला तक्ता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या हाताखालून जायचा. तेव्हा ही बाई त्या बाजूची आहे असं समजून वाचलंत तरी हरकत नाही. बेरीज मात्र स्वतः करून बघा.

तुम्ही पहिला रकाना आणि शेवटचा रकाना पाहिलात. भांडण मधल्या रकान्यांत आहे. तुमचं बिल माझ्यासमोर नाही, पण १८,००० च्या माणसाचं बिल साधारण कसं चढत जातं ते सांगते.

तुमच्या १८,००० वर प्रॉव्हिडंट फंडातला मालकाचा वाटा बसतो. १५,००० च्या मर्यादेवर बारा टक्के, शिवाय विमा आणि प्रशासनाचा अर्धा-अर्धा टक्का, मिळून १,९५०. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५. बोनसची तरतूद ८.३३ टक्क्यांनी साधारण १,२००. भरपगारी रजेचे ८६५. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळायची रक्कम, ४.८१ टक्के, ८६६. गणवेश-बुटांचे शे-सव्वाशे. इथपर्यंत आपण २३,६०० वर आलो आणि कॉन्ट्रॅक्टरच्या स्वतःच्या खिशात अजून एक रुपया गेलेला नाही. त्याचं सेवाशुल्क मी सहा टक्के धरते: १,४१६. (मोठ्या कंपन्या घासाघीस करून चारवर आणतात, लहान ठिकाणी आठ-दहाही मिळतात, आणि काही करारांत टक्का नसतो, माणशी ठोक रक्कम असते.) झाले २५,०१६. यावर अठरा टक्के जीएसटी, तोही नुसत्या सेवाशुल्कावर नाही, तुमच्या पगारासकट सगळ्या रकमेवर. ४,५०३ रुपये. एकूण २९,५१९.

जीएसटीचे साडेचार हजार सरकारजमा होतात आणि कंपनी ते आपल्या विक्रीवरच्या करातून वळते करून घेते. तिकडे तुमच्या हातात येताना १८,००० मधून फंडाचे १,८००, ईएसआयचे १३५ आणि व्यवसायकराचे २०० गेले. साडेतेरा हजारांची फोड ही अशी आहे. त्यातले बरेचसे तुमचेच आहेत, तुमच्याच नावावर, फक्त आज हातात नाहीत.

आता त्या १,४१६ कडे बघू, कारण मुकादमाची उपमा तुम्ही दिलीत आणि ती मला सोडवेना. फडावर मुकादम कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीला, आगाऊ उचल देतो आणि माणूस बांधला जातो. चाकणला उचल कंपनी घेते. सात तारखेपर्यंत कॉन्ट्रॅक्टरने तुमचा पगार करायचा, पंधरापर्यंत फंड आणि ईएसआय भरायचा, वीसला जीएसटी. कंपनीचे पैसे येतात बिल लागल्यापासून पंचेचाळीस-साठ दिवसांनी. तोवर शंभर माणसांचे तेवीस-चोवीस लाख कॉन्ट्रॅक्टरने कुठून तरी उभे करायचे, बहुतेक बँकेच्या कॅश क्रेडिटमधून. बारा टक्क्यांनी पंचेचाळीस दिवसांचं व्याज माणशी साडेतीनशेच्या घरात जातं. म्हणजे १,४१६ मधला चौथा हिस्सा व्याजात. उरलेल्यात गेटवर हजेरी घेणारा सुपरवायझर, ऑफिस, लायसन्स, आणि दोन दिवसांत पळून जाणाऱ्या पोरांच्या जागी नवी पोरं आणायचा खर्च. टीमलीजसारख्या, माणसं पुरवणाऱ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे हिशोब कुणालाही बघता येतात: हजारो कोटींची उलाढाल आणि निव्वळ नफा टक्का-दीड टक्क्याच्या आसपास. हा धंदा माणशी थोडकं आणि माणसं पुष्कळ, असा चालतो.

याचा अर्थ कॉन्ट्रॅक्टर सज्जन असतो असा नाही, त्याकडे येतेच. पण आधी तुमचा २४,००० चा प्रस्ताव.

तुम्ही धरलंत की कंपनी साडेएकोणतीस देते, मग चोवीसमध्ये तिचा फायदाच. पण जीएसटी परत मिळतो, म्हणजे कंपनीला तुम्ही आज पडता २५,०१६ ला. थेट २४,००० पगारावर घेतलं तर त्यावर फंडाचे १,९५०, रजेचे आणि ग्रॅच्युइटीचे साडेअकराशे-साडेअकराशे, मिळून सव्वाअठ्ठावीस हजार होतात. कंपनीचे महिन्याला सव्वातीन हजार वाढतात. शिवाय २१,००० च्या वर पगार गेला की ईएसआय सुटतं आणि बोनसचा कायदेशीर हक्कही. बीडहून आईला उपचारासाठी मोहननगरच्या किंवा बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलात आणायची वेळ आली, तर तो सव्वातीन टक्क्यांचा रकाना काय होता ते कळेल. तेव्हा एचआरसमोर हे गणित मांडू नका. तिथल्या मुलीला ते तोंडपाठ असतं, आणि तुमच्या पगाराच्या मुद्द्याआधी तुमची चूकच चर्चेला येईल.

खरा फरक बघायचा तर शेजारच्या मशीनवरच्या परमनंट माणसाला विचारा, युनियनच्या करारानंतर त्याच्या हातात काय पडतं. तुमच्या आणि त्याच्या पगारातलं अंतर कॉन्ट्रॅक्टरला मिळत नाही. ते कंपनीकडे राहतं. कंपनी सहा टक्के मोजते ते ‘ऑर्डर कमी झाली, उद्यापासून चाळीस माणसं पाठवू नका’ हे एका फोनवर सांगता यावं म्हणून. तुमचा राग रास्त आहे, पत्ता अर्धा चुकलाय. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत सारख्या कामाला सारखं वेतन ही लायसन्सचीच अट होती. तिचं कारखान्यात काय झालं ते तुम्ही रोज बघता. आणि कंत्राट बंद झालं म्हणून कामगार आपोआप कंपनीचा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात सांगून टाकलंय. कंत्राट निव्वळ दिखाऊ होतं हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात. एकट्याने त्या वाटेला जा असं मी म्हणणार नाही.

आता चोरी. ती सेवाशुल्कात नसते. सेवाशुल्क करारात लिहिलेलं असतं, कंपनीने मान्य केलेलं असतं. चोरी असते त्या मधल्या, तुमच्या नावाच्या रकान्यांत.

ओव्हरटाइमपासून सुरू करू. कंपनी ओटी दुप्पट दराने देते, कायद्याने द्यावीच लागते. तुमचा तासाचा दर साडेशहाऐंशी रुपये पडतो, दुपटीने १७३. कॉन्ट्रॅक्टरने सिंगलने दिली आणि महिन्याला वीस तास भरले, तर १,७३० रुपये गेले. त्याच्या अख्ख्या सेवाशुल्कापेक्षा जास्त! साडेतेरा हजारांवर झोप उडते आणि या सतराशेकडे लक्ष जात नाही. ओटीचे तास घरी एका वहीत रोज लिहा आणि स्लिपशी ताडून बघा.

मग फंड. सरकारच्या उमंग अ‍ॅपवर किंवा ईपीएफओच्या, म्हणजे फंडाच्या ऑफिसच्या, साइटवर यूएएन (तुमचा फंडाचा क्रमांक) टाकून पासबुक उघडा. दर महिन्यासमोर तीन आकडे दिसले पाहिजेत: तुमचे १,८००, मालकाचे ५५० आणि पेन्शनचे १,२५०. एखादा महिना कोरा असेल तर स्लिपवर कापलेले पैसे भरलेच गेलेले नाहीत. काही ठिकाणी स्लिपवर दोन्ही वाटे कामगाराच्याच पगारातून कापलेले दिसतात. मालकाने आपला वाटा तुमच्या पगारातून कापणं कायद्याला मंजूर नाही.

त्याच साइटवर सर्व्हिस हिस्ट्री बघा. मी माझ्या टेबलावर पाहिलेली सगळ्यात वाईट गोष्ट तिथेच दिसते. एकाच मशीनवर एकाच खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नावापुढे तीन वर्षांत तीन फर्मची नावं, प्रत्येकीत अकरा महिने. याला आमच्यात ब्रेक देणे म्हणत. मालक तोच, फर्म बायकोच्या नावावर, मग मेहुण्याच्या. का? बिलात दर महिन्याला ग्रॅच्युइटीचे ८६६ लावले जात होते. छत्तीस महिन्यांचे ३१,१७६. ग्रॅच्युइटीला सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षं लागतात (ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला आता नव्या संहितेत एक वर्ष पुरतं), ब्रेकवाल्याची पाच वर्षं कधी भरतच नाहीत, आणि कंपनीने दिलेले पैसे कॉन्ट्रॅक्टरकडेच राहतात. बोनसचंही तसंच. तीस दिवस काम केलेला माणूस बोनसला पात्र असतो, पण जो मे महिन्यात गावी निघून गेला तो दिवाळीला बाराशेच्या हिशोबाने पैसे मागायला कुठे येतो? चांगले करार असे असतात की ग्रॅच्युइटी-बोनस प्रत्यक्ष वाटल्यावरच बिलात लावायचा. तसे करार फार नसतात. न मागितलेला पैसा हे या धंद्याचं न बोललं जाणारं उत्पन्न आहे. माझ्याकडे त्याचा वेगळा रकाना होता, त्याला नाव नव्हतं.

म्हणून कॉन्ट्रॅक्टरला ‘माझे साडेतेरा हजार कुठे गेले’ असं विचारू नका. तो हसून वरची बेरीज मांडेल आणि तुम्ही गप्प व्हाल. असं विचारा: माझी जॉइनिंगची तारीख कोणती धरली आहे, ओटी कुठल्या दराने लावली आहे, माझा गेल्या दिवाळीचा बोनस कुठल्या रकमेवर काढला, आणि मी कुशल आहे की अर्धकुशल? हा शेवटचा प्रश्न डिप्लोमावाल्यांनी हमखास विचारावा. बिलात कुशल आणि हजेरीपत्रकात अर्धकुशल, असला प्रकार मी पाहिलाय. नेमणूकपत्र मिळालं नसेल तर तेही मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते सक्तीचं केलंय. विचारणं तोंडी नको, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून असू द्या. त्याला अडचणीचा प्रश्न असला की तो फोन करेल. बोलणं झाल्यावर ‘आत्ता फोनवर असं असं ठरलं’ म्हणून दोन ओळी त्याच चॅटवर टाकायच्या.

उत्तर आलं नाही, तर दुसरी पायरी कंपनीची एचआर. कॉन्ट्रॅक्टरने वेतन बुडवलं तर ते देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे जुन्या कायद्यातही होतं आणि नव्या संहितेतही आहे. एचआरला हे नीट माहीत असतं. ‘मला जास्त द्या’ म्हणणाऱ्या पोरापेक्षा ‘माझ्या फंडाचे फेब्रुवारी आणि मार्च भरलेले नाहीत’ म्हणणाऱ्या पोराचं काम तिथे लवकर होतं, कारण दुसऱ्या वाक्यात कंपनीचं ऑडिट अडकतं. त्यापुढे ईपीएफओचं तक्रारीचं पोर्टल आहे, कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. शक्यतो चार-पाच जण मिळून जा. महाळुंगे, खराबवाडीच्या खोल्यांतून एकाच कॉन्ट्रॅक्टरची दहा पोरं एका मजल्यावर राहतात, तेव्हा हे काही अवघड नाही.

कंपनीच्या पेरोलवर जाण्याची इच्छा मात्र सोडू नका, फक्त वाट बदला. एजन्सी आणि कंपनीच्या करारात बहुतेक वेळा एक कलम असतं: आमचा माणूस तुम्ही थेट घेतलात तर अमुक रक्कम द्या. कित्येकदा ठरावीक काळानंतर ती माफ असते, आणि तुम्हाला तीन वर्षं झाली आहेत. हे ठरवतो तुमचा लाइन मॅनेजर. त्याला नवी लाइन सुरू होताना गाठा, ऑर्डर उतरलेली असताना नाही. तुमच्यामुळे रिजेक्शन किती कमी झालं, कुठलं गेज, मोजमापाचं कुठलं सीएमएम मशीन तुम्ही एकटे चालवता, ते सांगा. जमलं नाही तर दुसरी कंपनी बघा, आणि निघताना अनुभवपत्रात कॉन्ट्रॅक्टरच्या नावासोबत कारखान्याचं नाव आणि कामाचं स्वरूप लिहून घ्या. नुसतं ‘अमुक एंटरप्रायझेसमध्ये काम केले’ या ओळीला रांजणगावात कुणी विचारत नाही.

पगारवाढीसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सेवाशुल्क टक्क्याने असेल तर तुमचा पगार वाढला की कॉन्ट्रॅक्टरचंही वाढतं. म्हणजे या एका बाबतीत तो तुमच्या बाजूचा असू शकतो. वाढ अडते ती कंपनीच्या मंजुरीपाशी. किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, तेव्हा दर तसेही उघडले जातात. बोलायचं तर त्याच्या महिनाभर आधी.

(हिंजवडीतून अशीच पत्रं येतात, फक्त आकडे मोठे असतात. तिथे मध्ये एक एजन्सी नसून तीन-तीन असतात आणि प्रत्येक जण आपला वाटा काढून पुढे देतो. त्या वाचकांनी मुलाखतीआधी एवढंच विचारावं: क्लायंट आणि माझ्यामध्ये किती जण आहेत, आणि माझा पगार यांतला कोण करणार?)

आता बहिणीचं. तो धंदा वेगळा. तिथे माणूस कंपनीला मिळवून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. आपल्याकडचा रूढ दर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, एक महिन्याचा पगार. बहिणीला वर्षाला २,४०,००० ची नोकरी लागली तर एजन्सीला कंपनीकडून वीस हजार मिळतात. वरच्या जागांना हा दर बराच चढतो, अगदी वर पहिल्या वर्षाच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. पैसे मिळतात उमेदवार रुजू झाल्यावर, आणि दोन-तीन महिन्यांत तो सोडून गेला तर दुसरा फुकट शोधून द्यावा लागतो. नोकरी लागल्यावर कन्सल्टंट ‘कसं चाललंय, काही त्रास नाही ना’ म्हणून मायेने फोन करतो ना, ते फोन नव्वदाव्या दिवसानंतर थांबतात. एक्याण्णवाव्या दिवशी तोच माणूस दुसरी नोकरी सुचवायला फोन करतो!

ज्याला कंपनी वीस हजार देणार आहे, त्याला बहिणीच्या अडीच हजारांची गरज का पडावी? आणि जो शंभर मुलींकडून अडीच-अडीच हजार घेतो, त्याचे अडीच लाख एकीलाही नोकरी न लावता जमा होतात. मग तो नोकरी शोधायला कशाला बाहेर पडेल? मुंबईच्या गिरणगावात माणसं कामाला लावणारा जॉबर बदली कामगारांकडून दस्तुरी घ्यायचा, त्याच जातीतलं हे. भरू नका. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, किट, बॅकग्राउंड चेक, नाव काहीही देऊ देत. मूळ मार्कशीटही कुणाकडे ठेवायची नाही, दाखवायची आणि परत घ्यायची. परदेशी पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटला मात्र कायद्याने उमेदवाराकडून पैसे घेता येतात, तेही जास्तीत जास्त ३०,००० अधिक जीएसटी. त्यापुढे मागणाऱ्याच्या दारात थांबू नये.

राहिला तो फोटो. त्यात तुमच्यासोबत यादीतल्या बाकीच्यांचीही नावं आणि पगार आहेत, आणि कागद कंपनीचा आहे. ग्रुपवर टाकलात तर उद्या बिलाबद्दल कुणी बोलणार नाही, तुम्ही अकाउंट्सच्या टेबलाजवळ काय करत होतात याबद्दल बोलतील. मोबाइलमधून काढून टाका. त्याआधी तुमच्या एकट्याच्या ओळीतले आकडे ओटीच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. मधले रकाने सुद्धा.